सुट्टीपूर्वीचे घर

कोकणात उन्हाळ्याची चाहूल पंचांगाआधी आंब्याच्या मोहोराने लागते. पौष-माघात झाडे मोहरतात, फाल्गुनात फांद्यांवर बारीक कैऱ्या लोंबू लागतात आणि चैत्र उजाडला, की घरोघरची वडीलधारी माणसे बोटांवर दिवस मोजू लागतात. हे दिवस आंबा पिकण्याचे तर खरेच. परंतु त्याहून अधिक ते शहरातील शाळांच्या परीक्षा संपण्याचे असतात. मेच्या प्रारंभी महाराष्ट्रातील शाळांना सुट्टी लागते व जूनच्या मध्यास त्या पुन्हा उघडतात. या सहा आठवड्यांत मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांतील कितीतरी मुले आईवडिलांसह आपल्या मूळ गावी येतात. वर्षभर दोन म्हाताऱ्या माणसांच्या हळू आवाजाची सवय झालेले घर अकस्मात पंधरा-सोळा माणसांनी भरून जाते.

एके काळी ही मुले समुद्रमार्गे येत. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई. पुष्कळ बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना ट्रंका-वळकट्यांसह पडावात उतरून किनारा गाठावा लागे. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. पुढे रस्ते आणि पूल होत गेले तशी ती गाडी कोकणातील खेड्यापाड्यांत पोहोचली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. वाहने बदलली, प्रवासाचे तास घटले. मात्र मुले येण्यापूर्वी घरी जी धांदल उडते, तिच्यात फारसा फरक पडलेला नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील डोंगरउतारावरचे एखादे जुने घर डोळ्यांपुढे आणावे. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे पडवी, तिच्यामागे ओटी, आत माजघर, एका अंगास देवघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणीघर. पुढच्या दारी शेणाने सारवलेले खळे आणि मधोमध तुळशीवृंदावन. मागच्या दारी विहीर, चार माड, दहा-पाच पोफळी, फणसाचे एक जुने झाड. घरात राहणारी माणसे तीन: आजोबा, आजी आणि थोरली काकू. बाकीचे सारे पोटापाण्यासाठी शहरात. अशी घरे कोकणात वाडीवाडीतून आहेत. पुढे वर्णिलेली लगबग यांपैकी कोणत्याही घरी दृष्टीस पडेल.

एप्रिलचा पहिला आठवडा संपला, की आजी माळ्यावरच्या ट्रंका खाली काढावयास सांगते. त्यांत गोधड्या, वाकळा, चादरी असतात. गतवर्षी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवलेली ही पांघरुणे एकेक करून झटकली जातात. कोणती उसवली, कोणती कसरीने खाल्ली हे पाहून तिच्यावर ठिगळ पडते. मग काकू आणि शेजारची एक-दोघी मिळून ती धुऊन गडग्यावर वाळत घालतात. चैत्राचे ऊन असे की सकाळी घातलेली जाड गोधडी दुपारी कडकडीत वाळून निघते. संध्याकाळी आजी गोधड्यांच्या घड्या घालताना मोजत असते: ही थोरलीची, ही जुळ्यांची, ही धाकट्याची. धाकट्याला गेल्या वर्षी जी पुरली ती यंदा पुरेल का, हा प्रश्न तिला पडतो. मुलाची उंची दूरध्वनीवरून कळत नाही. सुनेला विचारावे तर ती “बराच वाढला आहे” एवढेच सांगते.

तांब्यापितळेची भांडीही याच सुमारास बाहेर येतात. तीन माणसांच्या स्वयंपाकाला लहान पातेली पुरतात. पंधरांच्या भाताला मोठे तपेले लागते. चिंच आणि राख लावून घासले, की पितळ सोन्यासारखे दिसू लागते. परंतु आतली कल्हई गेली असेल तर त्यात आमटी किंवा आमसुलाचे सार करता येत नाही, कारण आंबट पदार्थ पितळेला लागून कळकतो आणि पोटास अपाय करतो. पूर्वी कल्हईवाला भाता घेऊन दारोदार येई. आता तो क्वचितच दिसतो, म्हणून पुष्कळ घरांतील मोठी पितळी भांडी केवळ पाणी तापवण्याच्या कामी उरली आहेत आणि आमटीसाठी पोलादी पातेली आली आहेत. आजीला हे फारसे रुचत नाही, पण ती त्याविषयी वाद घालीत नाही.

वाद होतो तो छपराविषयी.

कौलारू छपराला वर्षातून एकदा माणसाचा हात लागावा लागतो. पानगळीने कौलांच्या सांध्यांत पालापाचोळा साठतो, वानरे उड्या मारून कौले फोडतात, वाऱ्याने काही जागची सरकतात. हा कचरा तसाच राहिला तर पावसाचे पाणी त्यात अडते, उलटे फिरते आणि आत गळू लागते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या माऱ्यापुढे एक सरकलेले कौल वासा कुजवावयास पुरेसे असते. म्हणून वैशाखात कौले चाळतात. गडी छपरावर चढतो, आढ्याकडून सुरुवात करून कौले उतरवतो, कचरा झाडतो, फुटकी कौले बाजूस काढतो आणि मग पागोळीकडून वर, खालच्या कौलावर वरचे कौल ठेवीत, छप्पर पुन्हा रचतो. पूर्वी ही कौले गावच्या कुंभाराने घडवलेली, अर्धगोल नळ्यांची असत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे यंत्रावर कौले तयार करण्याचा कारखाना काढला. त्या धर्तीची चपटी, खाचांनी एकमेकांत अडकणारी कौले पुढे सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्यांना अजूनही मंगळुरी कौले म्हणतात. ती नळ्यांइतकी सरकत नाहीत; पण वानरांपुढे त्यांचाही इलाज चालत नाही.

छपरावर कसे चालावे, ही एक विद्याच आहे. पाय कौलाच्या मध्यावर पडला तर कौल फुटते. खाली जेथे वासा असेल तेथेच तो पडावा लागतो, आणि वासा तर वरून दिसत नाही. आजोबांनी चाळीस वर्षे स्वतःच्या घराची कौले चाळली. आता त्यांचे गुडघे शिडी चढू देत नाहीत. वाडीत हे काम जाणणारी दोनच माणसे उरली आहेत आणि त्यांना पाच गावांची बोलावणी असतात. त्यांच्या मुलांनी हे काम घेतले नाही. ती मुलेही आता मुंबईस आहेत.

म्हणून थोरल्या मुलाने सुचवले, “बाबा, सगळ्या छपरावर पत्रे घालून टाकू. एकदा खर्च झाला की दरवर्षीची कटकट मिटेल. तुम्हांला गड्यांच्या मागे फिरावे लागणार नाही.”

सूचना अविचाराची नव्हती. गावातील बऱ्याच घरांवर पत्रे आले आहेत आणि ती घरे गळत नाहीत. आजोबा दोन दिवस काही बोलले नाहीत. पत्रा दुपारी तापतो, पावसात त्याखाली एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण तेवढ्यासाठी मुलाचे म्हणणे मोडावे का, याचा निर्णय होईना. तिसऱ्या दिवशी आजीच म्हणाली, “अहो, वर्षातून एकदा घरावर माणूस चढतो, म्हणून वाशाचे दुखणे कळते. पत्र्याखाली वाळवी लागली तर ती कोण बघणार? आणि आपण दोघे नसताना तर नाहीच.”

तिच्या बोलण्यात मोठे तथ्य होते. कोकणातील जुनी घरे पावसाने पडतात असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. पुष्कळशी पडतात ती कोणी न पाहिल्यामुळे. बंद घरात आधी वाळवी शिरते, मग एखादा वासा खचतो, त्यावरची चार कौले निसटतात, त्या भोकातून पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर पडू लागते, आणि मातीने रचलेली भिंत दोन-तीन पावसाळ्यांत ढासळते. चूल पेटती असते त्या घरात हे सहसा घडत नाही. चुलीचा धूर वाशांतून फिरतो, लाकूड कोरडे राहते, आणि मुख्य म्हणजे घरातील माणूस वर मान करून पाहत असतो.

अखेरीस मधला मार्ग निघाला. मागील पडवीवर आणि न्हाणीघरावर पत्रे घालावे, कारण तेथे फणसाची पाने नेहमीच साठतात. माजघर, ओटी आणि पुढची पडवी कौलारूच ठेवावी. मुलाने दूरध्वनीवरून मान्यता दिली. गडी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस येऊन गेले. कौले उतरवताना माजघरावरचा एक वासा टोकाशी वाळवीने पोखरलेला आढळला. हाताने दाबताच त्याचा भुगा झाला. आजोबा खाली उभे होते. त्यांनी तो भुगा तळहातावर घेतला, आजीला दाखवला, आणि पलीकडच्या गावातील सुताराला निरोप धाडला. नवा वासा बसवला, शेजारच्या वाशांना काजूच्या टरफलांचे तेल चोपडले. हे तेल अंगाला लागले तर कातडी भाजते, म्हणून काम करणाऱ्याने हातांना आधी खोबरेल लावले होते.

छपराचे काम उरकले, की विहिरीची पाळी. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात उन्हाळ्यात पाण्याची ओरड व्हावी, याचे परक्यास नवल वाटते. त्याचे एक कारण पायाखालीच आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो भराभर पितो आणि उतारावरून तितक्याच भराभर खालच्या अंगास सोडून देतो. त्यामुळे भाद्रपदात तुडुंब भरलेली विहीर वैशाखात तळ दाखवू लागते. तीन माणसांना जे पाणी पुरते तेच पंधरांना पुरवायचे असते, आणि तेही नेमक्या अशा वेळी, जेव्हा ते सर्वांत कमी असते. मुलांनी यावे ही इच्छा आणि विहिरीचे पाणी यांचे गणित घरच्यांना दरसाल नव्याने मांडावे लागते.

पाणी खोल गेले म्हणजे गाळ काढणे सोपे जाते. हे काम जाणत्या गड्याचेच. खोल विहिरीत हवा कोंडून राहते, तळाशी विषारी वायू साठलेले असू शकतात. अशा विहिरीत उतरून माणसे दगावल्याच्या वार्ता दर उन्हाळ्यात येतात. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधतात, वर दोघे जण तो धरून उभे राहतात आणि त्याला सारखे बोलते ठेवतात. गाळ घमेल्याघमेल्याने वर येतो. त्याबरोबर हरवलेला पोहरा, एखादी कळशी आणि गेल्या वर्षी मुलांनी टाकलेला चेंडूही वर येतो. गाळ आळ्यांत घातला की माडांना तो खतासारखा लागू पडतो.

गाळ निघाल्यावर दोन दिवसांनी पाणी निवळले आणि आजोबांनी ते शुद्ध करण्याचे मनावर घेतले. ग्रामपंचायतीकडून विरंजक चूर्ण आणले होते. पण किती टाकावे? कमी पडले तर रोगजंतू मरत नाहीत, अधिक झाले तर पाणी तोंडात धरवत नाही. साधारण प्रमाण असे, की चांगल्या प्रतीचे चूर्ण हजार लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम पुरते. तेव्हा प्रश्न विहिरीत पाणी किती याचा उरला. आजोबांनी थोरल्या नातीला विचारले. ती सातवीत आहे आणि परीक्षा नुकतीच संपलेली होती.

“आजोबा, विहीर गोल आहे ना? मग मला तिचा व्यास सांगा आणि पाण्याची खोली सांगा. मीटरमध्ये सांगा, हातांत नको.”

आजोबांनी दोराला दगड बांधून तो तळापर्यंत सोडला. वर काढल्यावर जेवढा दोर भिजला होता तो मोजला. एक मीटर भरला. व्यास तीन मीटर होता. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग नातीने हिशेब वाचून दाखवला: “व्यासाचा वर्ग नऊ. त्याला ३.१४ ने गुणले, चाराने भागले, खोलीने गुणले. सात घनमीटर आणि थोडे वर. म्हणजे सात हजार लिटर. चूर्ण साडेसतरा ग्रॅम. अठरा घ्या, आजोबा.”

गावच्या दुकानातील तराजूवर अठरा ग्रॅम तोलून घेतले. संध्याकाळी ते बादलीत थोड्या पाण्यात कालवून वर आणखी पाणी घातले, दहा मिनिटे चुना खाली बसू दिला आणि वरचे निवळ पाणी पोहऱ्याने विहिरीत सोडले. पोहरा चार-सहा वेळा खालीवर करून ते सर्वत्र मिसळले. असे पाणी तासाभराने वापरण्याजोगे होते. आजोबांनी रात्रभर वाट पाहिली. दोराला जेथे पाणी लागले होते तेथे त्यांनी एक गाठ मारली आणि दोर खुंटीला अडकवून ठेवला.

एप्रिल संपता संपता घराच्या भोवतालची झाडलोट सुरू होते. हे काम शोभेचे वाटते, पण ते तितकेच नाही. कोकणच्या कातळांत आणि गडग्यांच्या फटींत लाल विंचू राहतो. लाकडांच्या ढिगाखाली, जुन्या कौलांच्या चळतीत, कोपऱ्यात पडलेल्या पायताणांतही तो सापडतो. त्याचे विष हृदयावर व रक्ताभिसरणावर घाला घालते आणि लहान मुलांच्या बाबतीत ते फार धोक्याचे ठरते. एके काळी या दंशाने कोकणात पुष्कळ बालके दगावत. १९७० च्या दशकापासून महाड परिसरात रुग्णसेवा करणारे डॉक्टर हिंमतराव बावसकर यांनी या दंशाचा चिकाटीने अभ्यास केला आणि रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यावर उपयोगी पडते, हे दाखवून दिले. या उपचाराने मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. आता दंश झाला की मांत्रिकाकडे वेळ न दवडता मुलाला तत्काळ दवाखान्यात नेतात. तरीही दंशच होऊ नये हे बरे. म्हणून काकू लाकूडफाटा घरापासून दूर रचून घेते, कौलांची चळत हलवून पाहते, आणि मुलांच्या चपला ठेवण्यासाठी ओटीवर उंच फळी ठोकून घेते. मुलांनी ती फळी वापरली तर नवलच म्हणावयाचे. परंतु फळी असते.

खळ्याचे काम मात्र आनंदाचे. पावसाने वाहून गेलेली माती दिवाळीच्या सुमारास भरून, चोपण्याने चोपून खळे सपाट केलेले असते. मुले येण्याआधी त्यावर पुन्हा शेणाचा हात फिरतो. सारवण फार पातळ झाले तर माती उघडी राहते, दाट झाले तर वाळल्यावर पोपडे सुटतात. काकूचा हात या कामी बसलेला आहे; तिच्या बोटांचे अर्धवर्तुळाकार वळ खळ्यावर एकाशेजारी एक उमटत जातात. खळ्यावर माडाच्या झावळ्यांचा मांडव असतो. झावळ्या पाण्यात भिजत घालून मऊ झाल्यावर त्यांचे झाप विणतात. वरचे दोन-चार झाप उन्हाने विरले असतील तर ते बदलावे लागतात. मुलांचा सगळा दिवस या मांडवाखाली जातो. तेथेच जेवणे, तेथेच पत्त्यांचे डाव, आणि दुपारी वडील माणसे आत निजली असता तेथेच हळू आवाजातली भांडणे.

खाण्याच्या तयारीविषयी थोडे सांगितले तरी पुष्कळ होईल. पापड, कुरडया आणि सांडगे चैत्रातच वाळून डब्यांत गेलेले असतात. सकाळच्या मऊभातासाठी मेतकूट दळून ठेवलेले असते. रातांबे पिकू लागले की त्यांची साले मिठाच्या रसात बुडवून उन्हात वाळवणे आणि पुन्हा बुडवणे, असे पुट देण्याचे काम पाच-सात दिवस चालते. तेव्हा कुठे काळीभोर आमसुले तयार होतात. पण या सर्वांत मानाचे स्थान आंब्याच्या आढीला आहे. हापूस झाडावर पिकू देत नाहीत. तो पक्व झाला, म्हणजे देठाजवळचे खांदे भरले, की पहाटे झेल्याने अलगद उतरवतात. देठाचा तुकडा फळाला राखतात. नाही तर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. मग कोपऱ्यातील खोलीत भाताचा पेंढा पसरून त्यावर फळांचा एक थर, वर पुन्हा पेंढा, अशी आढी घालतात. आठ-दहा दिवसांत खोलीला वास सुटतो. बाजारात घाईने फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरतात असे ऐकू येते. त्याला कायद्याने बंदी आहे, आणि पेंढ्याला ती घाई ठाऊकच नाही. आजोबांचा हिशेब असा, की मुले ज्या दिवशी येणार त्याच्या आठ दिवस आधी पहिली आढी पडावी. यासाठी त्यांना येण्याची तारीख नक्की हवी असते.

आणि तारीख नक्की होत नाही. हेच या साऱ्या तयारीतले खरे दुखणे. गेल्या वर्षी थोरल्या नातीला सुट्टीतील शिकवणी निघाली, जुळ्यांना पोहण्याच्या वर्गात घातले होते, आणि सहा आठवड्यांचे सहा दिवस झाले. त्या वर्षीच्या दोन आढ्या वाडीत वाटून टाकाव्या लागल्या. यंदाही एप्रिल संपेपर्यंत कोणी नक्की काही सांगेना. आजीने एकदाही विचारले नाही. ती मुलांना बोलावण्यापेक्षा गोधड्या उन्हात घालणे अधिक पसंत करते. आजोबांनी मात्र विहिरीच्या हिशेबाच्या निमित्ताने नातीला विचारून घेतले, “बाळ, तू पाणी मोजलेस खरे, पण ते बघायला कधी येणार?” तिने उत्तर दिले नाही. दूरध्वनी आईच्या हाती गेला. आणि दुसऱ्या दिवशी रात्री निरोप आला, की यंदा शिकवणी रद्द केली आहे. सारेजण ८ मेच्या रात्री निघतील.

आजोबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेभोवती खूण केली आणि पहाटे झेला घेऊन ते बागेत गेले.

शेवटचा आठवडा बारीकसारीक कामांत जातो. उंदरांनी कुरतडलेली विजेची तार बदलून घेतली. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्यांना तेल दिले. आंब्याच्या झाडाला दरवर्षी बांधतात त्या झोक्याचा जुना दोर आजोबांनी ओढून पाहिला आणि काढून टाकला. काथ्याचा नवा दोर आणला. फांदीवर तो बांधल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कोणी नाही असे दिसताच स्वतः फळीवर बसले आणि पाय उचलून दोन झोके घेतले. फांदी करकरली नाही. काकूने ते मागील दारातून पाहिले होते, पण तिने कोणास सांगितले नाही.

९ मेच्या सकाळी गाडी फाट्यावर थांबली. पाखाडीच्या पायऱ्यांवरून आवाज आधी आले, मुले मागून आली. आजी पाण्याची कळशी घेऊन खळ्याच्या कडेला उभी होती. प्रवासातून आल्यावर पायांवर पाणी घेतल्यावाचून घरात जावयाचे नाही, हा नियम मुलांना ठाऊक होता. परंतु थोरली नात घराकडे वळलीच नाही. ती सरळ मागल्या दारी गेली. खुंटीवरचा दोर काढून तिने विहिरीत सोडला, वर ओढला आणि गाठीपासून ओला भाग मोजला.

“आजोबा, चार बोटे कमी आहे!”

“आता तुम्ही आलात. आणखी कमी होईल.”

त्या दिवसापासून रोज सकाळी दोर सोडण्याचे काम तिच्याकडे आले. अंघोळीला कोणी किती तांबे घ्यावेत हे ती ठरवू लागली, आणि भांडी विसळलेले पाणी माडाच्या आळ्याखेरीज कोठेही ओतले तर जुळ्यांना तिचे बोलणे ऐकावे लागे. पाणी पुरले. मेच्या अखेरीस गाठीपासून एक वीत खाली गेले होते, तरी पुरले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एके रात्री वीज कडाडली आणि पावसाची पहिली मोठी सर कौलांवर उतरली. मुले अंथरुणात उठून बसली. न्हाणीघराच्या बाजूने पत्र्याचा कडकडाट येत होता. माजघरावर मात्र पावसाचा नाद मऊ आणि एकसारखा होता. आजोबा कंदील उंच धरून आढ्याखालून एकेक वासा पाहत चालले होते. नव्या वाशापाशी ते थांबले. तेथे कोरडे होते. देवघराच्या दारापाशी मात्र जमिनीवर ठिपका पडला, पाठोपाठ दुसरा पडला. आजीने न बोलता तेथे पातेले आणून ठेवले.

सकाळी पाऊस थांबला. धाकट्या नातवाला शिडीवर चढवले आणि आजोबांनी खालून शिडी घट्ट धरली. मुलाच्या हातात लांब काठी होती.

“ते वरचे नव्हे. त्याच्या खालचे. डाव्या अंगाने हळूच रेट. आता थोडे वर.”

कौल सरकून खाचेत बसल्याचा आवाज झाला, आणि फटीतून माजघरात येणारा उन्हाचा कवडसा नाहीसा झाला.